तोमेच्या पायऱ्या

तोमेच्या शिकवणीचा आराखडा ठरवायला या, असं पत्र आलं म्हणून इदालिना दोन बस बदलून अपंग मुलांच्या केंद्रात आली, तर आराखडा टेबलावर छापून तयार. पोर हिचं, अडीच वर्षं त्याचे लुळे पाय चोळले हिनं, आणि हिचं काम काय, तर सही ठोकायची.

"आज सही झाली नाही, तर तोमेची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल," ग्रासाबाई म्हणाल्या. कोणत्या मुलाला काय आणि कुठं शिकवायचं, हे त्याच ठरवत. "पहिलं उद्दिष्ट ऐका. आधार धरून तीन पायऱ्या चढणे."

"कुठल्या पायऱ्या?"

"म्हणजे?"

"आमच्या घराला पायरी नाही, बाई. होता तो उंबरठाही सासऱ्यांनी उखडला, नातवाला रांगत बाहेर येता यावं म्हणून. फॉर्मवर लिहिलं होतं मी. सकाळची बस सव्वादहाला पोचते, तेही लिहिलं होतं. तुम्ही शिकवणीची वेळ दिलीत नऊची."

"केंद्रात लाकडी पायऱ्या आहेत ना."

"तुमच्याकडे पायऱ्या आहेत म्हणून माझ्या पोरानं चढायचं?"

इदालिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिनं पान उलटलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'बियात्रीश चमचा धरेल.'

"ही कोण?"

ग्रासाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "दुसरी मुलगी. चुकून राहिलं. मजकूर सगळ्या मुलांना तोच असतो."

"तिच्या घराला तरी पायऱ्या आहेत का?"

ग्रासाबाईंना ठाऊकच नव्हतं.

जागा गेली तर शाळेच्या वयापर्यंत तोमेला कुणी विचारणार नाही, हे इदालिनाला पक्कं माहीत होतं. तरी तिनं छापील मजकुरावर काट मारली आणि कागदाच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'दाराबाहेरच्या बाकावर आजोबा संध्याकाळी पाव मोडत बसतात. तोमेला आपल्या पायांनी त्यांच्यापर्यंत जायचंय. शिकवायला घरी या.' खाली सही केली आणि कागद पुढं सरकवला.

"माझी झाली. आता तुमची करा."

ग्रासाबाईंनी तिनं लिहिलेलं दोनदा वाचलं. मग सही केली, आणि कपाटातून बियात्रीशची फाइल काढून तिच्या आईनं भरलेला फॉर्म पहिल्यांदा वाचायला घेतला.