मल्लेशनं वाचलेलं पत्र

बाळाप्पाच्या मनगटावर पत्र्याची धार फिरली आणि उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेली. कसबा बावड्याच्या गुऱ्हाळावर तो गुळव्या. काहिलीतला पाक गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी याच बोटांत दाबायची आणि काहील कधी उतरायची ते सांगायचं. गोळीच कळेना, तर गुळव्या कसला?

शहरातल्या दवाखान्यात पुण्याहून एक डॉक्टर यायचे. तुटलेल्या नसेच्या दोन टोकांमध्ये त्यांनी एक बारीक नळी बसवली. आत बाळाप्पाच्याच अंगातल्या, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी होत्या.

"मांडवावर वेल चढतो तशी या नळीतून नस चढेल. दिवसाला खसखशीच्या दाण्याएवढी," ते म्हणाले. "प्रयोग नवा आहे. नाही जमला तर पायातली नस काढून इथं लावू. पण ते वेळेत व्हायला हवं."

सहा महिन्यांनी हाताला तारा लावून तपासणी झाली. मागाहून डॉक्टरांचं पत्र आलं. बाळाप्पाला अक्षरओळख नव्हती. धाकट्या भावानं, मल्लेशनं, ते वाचून दाखवलं.

"नस वाढतीया, आण्णा. यायचं काम न्हाय. दम धरा म्हणत्यात."

बाळाप्पानं दोन हंगाम दम धरला. तोवर मल्लेशच गुळव्या झाला. रिकामा बाळाप्पा दुपारी मठात जाऊन बसू लागला. तिथं एक पेन्शनर मास्तर म्हाताऱ्यांना बाराखडी शिकवायचे. डाव्या हातानं गिरवत तो वाचायला शिकला आणि सगळ्यांत आधी आपल्या हाताचं पत्र ट्रंकेतून काढून बसला.

‘नळीतून नस आलेली नाही. दिवाळीच्या आत पुण्याला या, पायातली नस लावू. उशीर झाला तर स्नायू सुकतील, मग उपाय नाही.’

आपल्याच वाचण्यात चूक असेल म्हणून त्यानं चारदा वाचलं. अंगठ्याखालचं मांस तर केव्हाच बसलं होतं.

तो गुऱ्हाळावर गेला. मल्लेश काहिलीवरची मळी काढत होता.

"मल्ल्या, एवढं वाच की रं परत."

"आत्ता? त्येच हाय की, आण्णा."

"असू दे. जिवाला बरं वाटंल."

मल्लेशनं विजारीला हात पुसून कागद धरला. बाळाप्पा त्याच्या खांद्यावरून एकेक अक्षर बघत होता.

"नस वाढतीया," मल्लेश म्हणाला. "दम धरा..."

"‘आलेली नाही’ लिवलंय तितं." बाळाप्पानं डावं बोट ठेवलं. "पयली वळ. मोठ्यानं वाच."

जाळ घालणारा गडी हातातली चिपाडं तशीच धरून बघत राहिला.

"पंधरा वरसं तुमच्या हाताखाली मळी काढली," मल्लेश शेवटी म्हणाला. "एकदा तरी गोळी माझ्या हातात दिलीसा काय? वाटलं, एक हंगाम मी करतो, मग सांगतो. मग सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाय. उद्याच पुण्याला जाऊया की, आण्णा!"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"मग मी काय करू, सांगा की!"

बाळाप्पा ढेपांच्या शेजारी पोत्यावर बसला.

"वाच," तो म्हणाला. "तू वाचतोस तसंच वाच. तुझ्या वाचण्यात हात बरा हुतोय."