तोंड बुजवलेला गडगा

मी एक जुना गडगा आहे आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे.

लिगुरियाच्या किनाऱ्यावर डोंगर सरळ समुद्रात उतरतो. पाय टेकायला सपाट जागा नाही. म्हणून इथल्या माणसांनी उतारावर टप्पे पाडले, टोपल्यांनी माती वाहून आणली आणि ती धरून ठेवायला आम्हाला रचलं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. माझ्या वर द्राक्षवेली आणि खाली एर्सिलियाचं घर. तिच्या छपरावर डोंगर येऊ न देणं, एवढंच माझं काम.

इथे एक रीत होती. वाटेत गडग्याचा दगड पडलेला दिसला, की आधी तो जागेवर बसवायचा, मगच पुढे जायचं. वरात असो की प्रेतयात्रा. पांढरे हातमोजे काढून दगड उचलणारी नवरी मी पाहिली आहे. ती एर्सिलियाच होती.

मग तरुण जहाजांच्या कारखान्यांत गेले. शाळा बंद झाली. बऱ्याच वेली सुकल्या, घरांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या आणि दारांवर फिरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आकड्यांची कुलपं आली. आता माझ्यासमोर बसून लोक दुसऱ्याच मुलखातली वाइन पितात. एर्सिलियाने मात्र नेम सोडला नाही. सकाळची जपमाळ झाली की एक दगड. ताप असला तरी एक दगड.

या उन्हाळ्यात तिचा नातू नेवियो शहरातून आला आणि तिच्याही घरातल्या खोल्या पाहुण्यांना देऊ लागला.

"आजी, या गडग्याला नुसत्या फटीच फटी! पाहुणे म्हणतील, इथे साप असतील. सिमेंट भरून घेतो."

"अरे, फटींतून तो पाणी सोडतो. तोंड दाबलंस तर पोट फुटेल त्याचं."

"गडग्याला पोट! उद्या त्याच्यासाठी सूप करशील."

"करीन की. तुझ्यापेक्षा कमीच खाईल."

तो हसला. ती चर्चमधल्या उत्सवाला गेली, तेवढ्यात त्याने माझी एकेक फट बुजवून टाकली. वर फुलांच्या कुंड्या मांडल्या. पाहुणे म्हणाले, किती सुंदर! मित्रांनो, तोंडात बोळा कोंबलेल्याला सुंदर म्हणतात का?

शरदात पाऊस आला. डोंगराचं पाणी माझ्या पाठीशी साचत गेलं. बाहेर पडायला वाट नव्हती. मी फुगलो. भर दुपारी एर्सिलियाने मला पाहिलं आणि पहार घेऊन धावली.

"आजी, केलेलं काम फोडतेस?"

"धर पहार! नाहीतर आत जा आणि पाहुण्यांना सांग, डोंगर जेवायला येतोय."

पहिलं सिमेंट उडालं तशी पाण्याची चिळकांडी नेवियोच्या तोंडावर बसली. मग त्याला अक्कल आली. दोघांनी मिळून फटी मोकळ्या केल्या, पण अर्धं अंग मला सावरता आलं नाही. मी घर सोडून कोपऱ्याकडे कोसळलो. छप्पर वाचलं. पण तिथे खाली तिच्या नवऱ्याने लावलेल्या, अजून तगून असलेल्या वेली माझ्याच दगडांखाली चिरडल्या. त्यासाठी मला माझाही राग येतो.

एर्सिलिया रडली नाही. क्रुसाची खूण करून तिने एक दगड उचलला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. नेवियोही निघाला. "सुट्टी मिळाली की येतो, आजी. मग सगळा उभा करू."

"ये. जेवायला ये," ती म्हणाली.

वाटेवर माझा एक दगड पडला होता. नेवियोने चाकांची पेटी उचलली आणि तो ओलांडून गेला.

अजून मी अर्धा पडलेलाच आहे. ती रोज एक दगड लावते, कधी तोच दगड पुन्हा घसरतो. पुढचा पाऊस तिच्या हातांसाठी थांबणार नाही.

आणि तुम्ही, माझ्या उरलेल्या अंगावर चढून मागे समुद्र येईल असा फोटो काढता! उतरा खाली. फोटो राहू दे. तुमच्या पायाशी तो दगड आहे ना? उचला.