मुकुटाची बाजू

फकीर मोहम्मदच्या हातून कामात चूक झाली ती जन्मात एकदाच, आणि तीही नेमकी सरकारच्या कामात.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यापासूनच्या सनदांचं एक बाड बुलढाण्याच्या कचेरीत होतं. कमिशनर साहेब पाहायला येणार म्हणून त्याला चांदीची बांधणी करायचं ठरलं. दफ्तराचे कारकून वैजनाथराव यांनी फकीर मोहम्मदचं नाव सुचवलं, वर हमीही घेतली. मलकापूरच्या त्या पुस्तकं बांधणाऱ्या म्हाताऱ्याने दोन महिने त्यात जीव ओतला. एका पुठ्ठ्यावर चांदीच्या पत्र्यात इंग्रज बादशहाचा मुकुट उठवला, भोवती कपाशीची बोंडं. दुसरा पुठ्ठा साधा ठेवला, कोपऱ्यांना नुसत्या पट्ट्या.

साहेब यायच्या सकाळी वैजनाथरावांनी बाड टेबलावर ठेवलं, मुकुट वर. उजवी कड धरून उघडायला गेले तर तिकडे शिवण. डावीकडून उघडलं तर समोर शेवटचं पान.

"फकीरभाई, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

फकीर मोहम्मदने बाड उलटसुलट करून पाहिलं. जन्मभर त्याने उजवीकडे शिवण असलेली कुराणं बांधली होती, आणि हाताने आपली रोजची वाट धरली होती. आता पहिलं पान वाचायचं तर बादशहाचा मुकुट टेबलावर पालथा पडणार.

"खिळे काढून मुकुट दुसऱ्या पुठ्ठ्यावर बसवतो, बाबूजी."

"पुठ्ठा फाटन. साहेबाची मोटार मोताळ्याहून निघाली."

मागच्याच महिन्यात बादशहाच्या तसबिरीवर शाई सांडली म्हणून एका शाळामास्तराला चार दिवस चौकीत बसवलं होतं. शाई निदान सांडते तरी. हे तर दोन महिने मांडी घालून केलेलं. चुकून झालं म्हटलं तर कोण ऐकणार? फकीर मोहम्मदला बायकोची, अंथरुणाला खिळलेल्या अमीनाची, आठवण झाली. आपल्याला आत टाकलं तर तिला पाणी कोण पाजणार?

साहेब आले. वाकून पाहिलं, एका बोंडावरून बोट फिरवलं. मग त्यांचा अंगठा उजव्या कडेकडे गेला. फकीर मोहम्मदने डोळे मिटून कलमा सुरू केला.

"हुजूर," वैजनाथराव पुढे झाले, "पानांना लावलेला सरस अजून ओला आहे. आत्ता उघडलं तर पानं चिकटतील."

साहेबांनी हात मागे घेतला. खूश होती स्वारी. जाताना आपल्या मोडक्या मराठीत हुकूम सोडून गेले: वऱ्हाडातल्या उरलेल्या तीन जिल्ह्यांची बाडंही याच कारागिराने बांधावीत, अगदी अशीच. मग चारही नागपूरला लाटसाहेबांपुढे मांडायची.

तोवर सरस वाळणार होता.

पायऱ्या उतरताना वैजनाथराव म्हणाले, "ती तीन तरी नीट करजा, फकीरभाई."

फकीर मोहम्मद पायरीवरच थांबला.

"कशी करू, बाबूजी? ती सरळ केली तं हे उलटं दिसन."