ग्लेनारीचा धाकटा

ग्लेनारीच्या अर्लांकडे, म्हणजे आमच्या जहागीरदारांकडे, चारशे वर्षं जमीन टिकली ती तलवारीच्या जोरावर, असं आमच्या स्कॉटलंडच्या डोंगरात सगळे म्हणतात. मी त्यांच्या गढीत दाई होते. ती दोन्ही डगरींवर हात ठेवून टिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लंडनच्या राजाकडून गादी हिसकावायला स्टुअर्ट राजपुत्र पश्चिम किनाऱ्यावर उतरला, त्या आठवड्यात सरकारांनी, म्हणजे अर्लांनी, आपल्या दोन्ही मुलांना जेवताना सांगितलं, "हेक्टर लंडनच्या राजाकडे राहील. फार्कर, तू राजपुत्राकडे जा. कुणीही जिंको, ग्लेनारी आपलीच राहील."

"पण बाबा, मला त्या राजपुत्राचं काहीच पटत नाही," फार्कर म्हणाला.

"पटायला कोण सांगतंय? जायचंय फक्त."

फार्कर हसला. "मग घोडा तरी हेक्टरचा द्या. माझा पळून यायचासुद्धा कंटाळा करेल."

मुलांच्या आई, बाईसाहेब, मान खाली घालून माशातले काटे निवडत राहिल्या.

कलोडनच्या माळावर राजपुत्राची फौज तासाभरात कापली गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी लंडनच्या राजाचा कप्तान ब्रेथवेट शिपाई घेऊन गढीवर आला. दोरीला नऊ कैदी बांधलेले होते. तिसरा फार्कर. दाढी वाढलेली, पाय रक्ताळलेले, अंगावर कुणा मेंढपाळाचे कपडे.

"हा नाव सांगत नाही," कप्तान सरकारांना म्हणाला. "माझा शिपाई म्हणतो, हा तुमचा धाकटा. असेल तर खटला आणि फास. नसेल तर बाकीच्यांबरोबर समुद्रापार बार्बाडोसला, उसाच्या मळ्यात राबायला."

सरकार क्षणभरही थांबले नाहीत. "मी ओळखत नाही याला."

त्यांनी पोराचा जीव वाचवला की जमीन, हे मला आजही सांगता येणार नाही.

"आणि आपण?" कप्तानानं बाईसाहेबांना विचारलं.

"नाही." आवाज इतका बारीक, की त्यानं पुन्हा विचारलं. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

मग त्यानं मला विचारलं. फार्कर माझ्या अंगावर प्यायलेला. मीही नाही म्हणाले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, काही सापडतंय का ते शोधत. डोळ्यांनी खूण करावी, तर कप्तानही माझ्याच तोंडाकडे बघत होता.

मी ओटच्या भाकरीची टोपली उचलली.

"अनोळखी माणसांची एवढी कणव?" कप्तान म्हणाला.

मी टोपली खाली ठेवली. ते उतारावरून गेले. फार्करनं मागं वळून पाहिलं नाही.

पुढं हेक्टर अर्ल झाला. त्यानं बार्बाडोसला दोनदा पत्रं पाठवली. पण ज्यानं नावच सांगितलं नव्हतं, त्याला तिथं कुणी कसं शोधावं? उत्तर आलं, असा कुणी इथं नाही.

बाईसाहेब त्या दिवसानंतर अकरा वर्षं जगल्या. शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "मोराग, आपण तसं का म्हणालो, ते त्याला कळलं असेल ना गं?"

"कळलं असेल, बाईसाहेब," मी म्हणाले, आणि विंचरत राहिले.