तांत अझेलीची असेसमेंट

बायूकाठच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याकाठच्या, आमच्या वृद्धाश्रमात मी सुट्टीत मदत करायला जाते. या वर्षी शाळेच्या वादविवादात पहिली आले, तेव्हापासून माझी जीभ जरा जास्तच सुटलीय. म्हणून तपासणीसाठी नव्यानेच आलेल्या केंड्राबाईंनी "असेसमेंटला बसशील माझ्याबरोबर?" म्हणताच मी एका पायावर तयार! प्रत्येकाला काय आवडतं, काय जमतं ते विचारायचं, करून घ्यायचं आणि दिसेल तसं लिहायचं. त्यावरूनच ठरतं, कोण पुढच्या खोल्यांत राहणार आणि कोण मागच्या, भ्रमिष्टांसाठीच्या कुलूपबंद भागात जाणार. आमचे शेजारी युलिसकाका मागे गेले, ते पुन्हा अंगणात दिसलेच नाहीत.

त्या दिवशी गुड फ्रायडे होता. केंड्राबाई दूरच्या ओहायोच्या, त्यांच्या लेखी ती नुसती सुट्टी. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांना आम्ही तांत, म्हणजे मावशी, म्हणतो. तर तांत अझेलीला बागकाम आवडतं म्हणून बाईंनी तिची चाकाची खुर्ची थेट वाफ्यापाशी नेली आणि तिच्या हातात खुरपं दिलं.

तांत किंचाळलीच. "रक्त! मातीतून रक्त येईल!" खुरपं फेकून ती छातीवर क्रुसाची खूण करू लागली.

बाईंनी लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, "मातीत रक्त दिसतं. भ्रम. मागच्या भागात हलवावं."

"अहो बाई, भ्रम नाही तो! येशूच्या मरणाच्या दिवशी आमच्याकडे जमीन खणत नाहीत. खणली तर रक्त निघतं म्हणतात."

"हो? मग तूच खणून दाखव तिला. तिलाही रक्त नाहीच दिसलं, तर मी हे खोडते."

एवढंच ना! मी खुरपं उचललं.

"नको गं पोरी," तांतने माझं मनगट धरलं. "आईने काहीच शिकवलं नाही का तुला?"

खुरप्याचं टोक मातीला टेकलं आणि माझा हात तिथेच थिजला. खणलं नाही, तर तांत त्या दारामागे जाणार. आणि खणलं, तर? काही नसतं तसलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी हात हलेना.

आचारी व्हर्लन स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होता. "काय वकीलबाई, वाचा बसली?"

"मग तुम्ही या खणायला," केंड्राबाई म्हणाल्या.

त्याने झटकन दोन्ही हात ॲप्रनखाली लपवले. "आज? छे हो! घरी लेकरं आहेत माझी."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. "तुलाही रक्त दिसतंय?"

"नाही दिसत." मी खुरपं खाली ठेवलं. "पण मी खणणार नाही."

पेन कागदावर अधांतरी थांबलं. शेवटी बाई तांतपुढे वाकल्या. "अझेलीबाई, उद्या खणाल?"

"उद्या का नाही? भेंडी लावायची राहिलीय. आणि हे असलं बोथट खुरपं नका देऊ मला."

बाईंनी ती ओळ खोडली. पुन्हा लिहिताना त्या पुटपुटत होत्या, "बागकामाची आवड. गुड फ्रायडेला विचारू नये."

"आत चल गं," तांत माझ्या कानाशी कुजबुजली. "इथे नको थांबायला."

वाफ्याच्या कडेला चाक चुकूनही लागू नये म्हणून मी खुर्ची लांबून वळवली आणि पुढच्या दाराकडे ढकलत सुटले.