वरचा माल

माझे दाजी अंड्यांचे इथले सगळ्यात मोठे व्यापारी, आणि माझं मत विचाराल तर सगळ्यात घाणेरडे. मी त्यांच्याच गोदामात काम करते, म्हणून हे तोंडावर बोलता येत नाही. अंडं दिव्यापुढे धरायचं, आतली हवेची पोकळी बघायची, मोठी दिसली की अंडं जुनं. ताजं एकीकडे, जुनं दुसरीकडे. ताजं इथल्या बाजारात जातं, कारण इथे चार व्यापारी आहेत आणि गिऱ्हाईक नाक मुरडून पुढच्या दुकानात जाऊ शकतं. जुनं जातं डोंगरावरच्या गावात. तिथे अंड्यांची गाडी फक्त दाजींची. त्या ट्रेंना आम्ही ‘वरचा माल’ म्हणतो. भाव खालच्यापेक्षा दुप्पट. शी!

आता कोणी म्हणेल, वर महाग असणारच. असणारच की! वळणावळणाचा रस्ता, डिझेल, फुटतूट. त्यात यंदा मका महागला म्हणजे खाद्य महागलं, उन्हाने कोंबड्या कमी अंडी घालायला लागल्या, पलीकडच्या शेडमध्ये रोग आला आणि पक्षी खड्ड्यात पुरावे लागले. ही कारणं दाजी पाढे म्हणावेत तशी म्हणतात. यातलं एकही खोटं नाही, हीच तर खरी घाण. रोगाची बातमी आली त्या सकाळी यांनी आपल्या भरलेल्या कोल्ड स्टोरेजला कुलूप घातलं, बाकीच्या व्यापाऱ्यांना फोन फिरवले, आणि दुपारपर्यंत भाव चढला. कोंबड्या मेल्या दुसऱ्याच्या आणि खिसा भरला यांचा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मागे डिझेल उतरलं तेव्हा भाव उतरला होता का? नाव नको.

त्यात भर म्हणून ते पुसायचं फडकं. कोल्ड स्टोरेजमधून काढलेल्या अंड्याला घाम सुटतो. तो आपोआप वाळू द्यावा लागतो. ओल्या फडक्याने पुसलं की घाण कवचातून आत शिरते आणि अंडं आतल्या आत सडतं. मी दहादा सांगितलं. दाजी म्हणाले, “चकाकलं की ताजं वाटतं. पूस.” एकच बादली, एकच फडकं, संध्याकाळपर्यंत पाणी पिवळं. तो वास डोकं धुतलं तरी केसांतून जात नाही.

आमची धाकटी बहीण वरच राहते. दवाखान्याच्या फाटकाशी तिची ऑम्लेटची टपरी आहे. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या एका तव्यावर चालतं, आणि माल अर्थातच दाजींचा. परवा तिच्याकडे खाऊन एका पेशंटच्या भावाला ओकाऱ्या झाल्या. दवाखान्याने बजावलं, आणखी एक तक्रार आली की टपरी उचला. आज ती एक ट्रे मांडीवर घेऊन गाडीने खाली आली आणि थेट ताई-दाजींच्या घरी थडकली. मी दुपारची जेवायला तिथेच असते.

“दाजी, मला ताजा माल द्या. खालच्या भावात द्या, हवं तर गाडीभाडं वेगळं देईन,” ती म्हणाली.

झालं, दाजींचे पाढे सुरू. मका, ऊन, रोग, रस्ता.

“अहो, पण हे सडलेलं आहे!”

“इथून निघतं तेव्हा चांगलंच असतं. तूच नीट ठेवत नसशील.” चोराच्या उलट्या बोंबा! मग टॉवेलने मान पुसत म्हणाले, “हे बघ, नातं घरात. वर अंडी नेणारा मी एकटाच आहे. घ्यायचं तर घे, नाहीतर राहू दे.”

धाकटीचे डोळे भरून आले. मी ताईकडे पाहिलं. ताईने मुकाट्याने तो ट्रे उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. असा राग आला मला तिचा! सख्खी बहीण रडतेय आणि ही आपली मूग गिळून गप्प. लग्न झाल्यापासून हिने नवऱ्यापुढे तोंड उघडलं असेल तर शपथ.

दाजींना जेवणाआधी दोन अर्धवट उकडलेली अंडी लागतात. गोदामातली नाही हं! मागच्या अंगणात त्यांनी स्वतःपुरत्या कोंबड्या पाळल्यात, त्यांची. गोदामातलं अंडं त्यांनी तोंडात घातलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. ताईने बशी आणून ठेवली. दाजींचं नाक त्या गोदामात कधीच मेलंय. त्यांनी चमच्याने टवका उडवला, मीठ भुरभुरलं आणि मक्याचं पुराण चालू ठेवत भला मोठा घास घेतला.

पुढचं बघवेना. हिरवट पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. खोलीभर वास सुटला, माझ्या चांगल्याच ओळखीचा. दाजी तोंड दाबून मोरीकडे धावले आणि तिथूनच ओरडले, “कुठलं उकडलंस हे? माणसाने खायचं का हे?”

“वरचा माल आहे,” ताई म्हणाली.

धाकटी पदर तोंडावर धरून बसली होती, हसत होती की रडत होती कोण जाणे. ताई माझ्याकडे वळली. “हिच्यासाठी आज सकाळच्या मालातले ट्रे भर. खालच्या भावाने. दर आठवड्याला असंच.”

“कुणाला विचारून?” दाजी टॉवेल घेऊन दारात उभे होते. चेहरा पांढराफटक. “आणि माझी अंडी कुठेत?”

“हिच्या पिशवीत बांधली.” ताईने बशीतलं दुसरं अंडं त्यांच्या पाटापुढे सरकवलं आणि चमचा पुसून शेजारी ठेवला. “बसा. या घरात तुम्हाला वाढणारी मी एकटीच आहे. घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या.”