को-पायलट दमला आहे

घरात त्याला सगळे कप्तान म्हणायचे, आणि तो कप्तान नव्हता. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तो एका स्वस्त विमान कंपनीत को-पायलट होता, म्हणजे उजव्या खुर्चीत बसणारा. हे त्याने सुरुवातीला बायकोला दोन-चारदा समजावून सांगितलं होतं. पण सासऱ्यांनी शेजारीपाजारी 'आमचा जावई कप्तान' असं केव्हाच सांगून टाकलं होतं. खोटं बोलायचे कष्ट दुसऱ्याने घेतलेत, तर ते खोडून काढायची दगदग आपण कशाला करायची, असा सोयीस्कर विचार करून तो गप्प बसला.

त्याआधीची अकरा वर्षं त्याने एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवण्यात घालवली होती. पोरं यायची, दोन आसनी विमानात त्याच्या शेजारी बसून घाम गाळायची, आणि वर्षा-दीड वर्षात मोठ्या कंपन्यांत उडायला जायची. तो मात्र पुलासारखा जागच्या जागी. सगळे त्याच्यावरून पलीकडे गेले.

शेवटी त्यानेही अर्ज केला. जाहिरातीत वयाची अट नव्हती. बाकी सगळ्या होत्या. परवाना हवा, डोळे-कान-हृदय धडधाकट हवं, उड्डाणाचे ठरावीक तास हवेत. तास त्याच्याकडे पोत्याने होते, पण छोट्या विमानांचे. कंपनीच्या लेखी ते सायकल चालवल्याचे तास. मग कॉम्प्युटरवरची परीक्षा झाली: एका हाताने पडद्यावरचा चेंडू चौकटीत ठेवायचा, दुसऱ्या हाताने दिवा लागला की बटण दाबायचं, आणि कानात कुणीतरी बेरजा सांगत असतं त्यांची उत्तरं तोंडाने द्यायची. शेजारची बावीस वर्षांची मुलं हे सगळं गाणं गुणगुणत करत होती. त्याचा चेंडू दोनदा पडद्याबाहेर गेला आणि एका बेरजेला त्याने 'काय म्हणालात?' असं उत्तर दिलं. कसाबसा काठावर पास झाला.

मुलाखतीला समोर तिघं. "आमच्याच कंपनीत का यायचंय?" त्यातल्या एकाने विचारलं.

खरं उत्तर होतं, दुसऱ्या कुणी बोलावलं नाही. त्याने सांगितलं, "मला पहाटे उठायला फार आवडतं."

घरी हे सांगितल्यावर त्याची बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तीन गजर आणि तिचा एक धक्का, याखेरीज तो आयुष्यात कधी उठला नव्हता. पण कंपनीने शब्द खरा धरला. पहिल्या महिन्यापासून त्याला पहाटेच्या ड्यूट्या लागल्या.

बाकी नोकरी कशी होती? विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत पंचवीस मिनिटं. तेवढ्यात जुने प्रवासी उतरायचे, नवे चढायचे, इंधन भरायचं, आणि हवाई सुंदऱ्या सीटच्या खिशातला कचरा काढायच्या. हात कमी पडले की तोही काढायचा. खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या, कॅप्टनपेक्षा एक कमी, आणि हातात कुणाचा तरी चघळलेला च्युइंगगम! विमानातला चहा कर्मचाऱ्यांनाही विकतच घ्यावा लागे. दहा टक्के सवलत होती, ती त्याने घरी मोठ्या अभिमानाने सांगितली होती.

आणि डाव्या खुर्चीत, खऱ्या कॅप्टनच्या जागी, अनेकदा असायची त्याचीच जुनी विद्यार्थिनी. वय एकोणतीस. हिला त्याने विमान जमिनीला टेकवायला शिकवलं होतं. पहिल्या वेळी तिने ते तीनदा टेकवलं होतं. आता ती त्याला 'सर' म्हणायची, तो तिला 'मॅडम' म्हणायचा, आणि दोघांनाही ते अवघड जायचं.

त्या दिवशी दोघं पावणेपाचला कामावर हजर झाले. चार उड्डाणं होती, दीडला सुट्टी. पण सकाळच्या धुक्याने सगळं वेळापत्रक कोलमडलं. चौथ्या उड्डाणात ते उतरायला लागले तेव्हा तीन वाजून गेले होते. कंट्रोलने सांगितलं, नऊ हजार फुटांपर्यंत खाली या. "नऊ हजार," तो स्वच्छ आवाजात म्हणाला, आणि उंचीच्या बटणावर आकडा लावला सहा हजार.

"सर, नऊ," कॅप्टनबाई शांतपणे म्हणाली आणि हात पुढे करून आकडा बदलला.

तो घाबरला. चूक झाली म्हणून नव्हे. चुका होतात, त्यासाठीच दोघं असतात. पण आपण सहा लावतोय हे त्याला दिसलंच नव्हतं. डोळे उघडे होते, आत माणूस नव्हता.

विमान जागेवर लागतंय तोच कंपनीच्या ड्यूटी ऑफिसातून फोन आला. पुढच्या उड्डाणाचा को-पायलट आणि कॅप्टन, दोघंही आजारी. हे उड्डाण तुम्हीच करा. नियमाने ड्यूटी थोडी वाढवता येते, फक्त दोघांची तयारी हवी.

कॅप्टनबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिचेही डोळे लाल होते. "मी करेन, सर. तुमचं काय?"

त्याने उड्डाणाचा नंबर पाहिला आणि कपाळाला हात लावला. त्याच विमानाने सासरे आपल्या गावी परत जाणार होते. पंधरा दिवस मुलीकडे राहून झाले होते. 'एकदा तुमच्या विमानात बसवा हो, जावईबुवा,' असं दोन वर्षं ते म्हणत होते, आणि दोन वर्षं योग येत नव्हता. आज आपणहून आला होता.

हो म्हणायला जीभ उचललीच होती. पण फ्लाइंग स्कूलच्या फळ्यासमोर उभं राहून अकरा वर्षं तो एकच पालुपद लावत आला होता: दमलेल्या माणसाने विमानात बसावं ते प्रवासी म्हणून. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने ते वहीत उतरवून घेतलं होतं, अधोरेखित करून. आता तिच्यापुढे लोका सांगे ब्रह्मज्ञान करायचं म्हणजे फारच झालं.

"मला नाही जमणार, मॅडम," तो म्हणाला. "मी दमलोय."

तिने सुस्कारा सोडला. "बरं झालं, सर. मी म्हणू शकले नसते. माझी पुढची बढती अडकलीय."

फोनवरचा माणूस मात्र थक्क झाला. "दमलोय म्हणजे? ताप आहे का?"

"नाही."

"पोट बिघडलंय?"

"नाही हो. दमलोय."

"तसा रकाना नाहीये माझ्याकडे," तो माणूस म्हणाला.

खरं तर इथे त्याचं काम संपलं होतं. मुकाट्याने मागच्या दाराने घरी जायचं. पण कॅप्टनबाईबरोबर प्रवाशांच्या दालनातून जाताना त्याला आरडाओरडा ऐकू आला. काउंटरवरची मुलगी रडवेली होऊन सांगत होती, तांत्रिक कारणामुळे उड्डाणाला उशीर आहे. शे-दीडशे माणसं तिच्या अंगावर धावून येत होती. त्यात इस्त्रीच्या शर्टात, कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून सासरे उभे होते. ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. रांगेची शिस्त मोडली की त्यांचा चेहरा दुखऱ्या दातासारखा व्हायचा.

त्याच्यातला मास्तर जागा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने मुलीच्या हातातला माइक घेतला.

"तांत्रिक कारण नाही. तांत्रिक कारण मी आहे. मी या विमानाचा को-पायलट होतो. पहाटेपासून चार उड्डाणं झालीत, मी दमलोय, म्हणून मी नाही म्हटलं. दुसरे पायलट यायला वेळ लागेल. माफ करा."

मग एक गृहस्थ ओरडले, "आम्ही काय झोपा काढतोय? आम्हीही दमलोय!"

"पण तुम्हाला विमान उतरवायचं नाहीये," तो म्हणाला. वाक्य त्याला स्वतःला फार आवडलं. लोकांना अजिबात आवडलं नाही.

सासरे गर्दीतून त्याच्याजवळ आले. त्याला वाटलं, खांद्यावर हात ठेवतील. ते हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही को-पायलट?"

"हो."

"कप्तान नाही."

"नाही, मामा. त्या तिकडे उभ्या आहेत त्या कॅप्टन."

सासऱ्यांनी कॅप्टनबाईला नीट न्याहाळलं, तिला नमस्कार केला, आणि पुन्हा रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

विमान साडेपाच तासांनी गेलं. तीन दिवसांनी त्याला मुख्य कचेरीत बोलावणं आलं. व्यवस्थापक अतिशय सौजन्याने बोलला. उड्डाणाला नकार देणं नियमात बसतं, त्याबद्दल कंपनीला तुमचा आदरच आहे. माइकवर खरं सांगणं मात्र नियमात बसत नाही. सबब, कॅप्टन होण्याचं तुमचं प्रशिक्षण एक वर्ष पुढे.

"आणि या प्रवाशांच्या तक्रारी," म्हणत त्याने गठ्ठा पुढे सरकवला. सगळ्या छापील, फक्त एक हाताने लिहिलेली. त्या टपोऱ्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरातली पत्रं त्याच्या घरी दर महिन्याला येत.

सासऱ्यांनी मुद्देसूद लिहिलं होतं. एक: काउंटरवरच्या मुलीला खोटं सांगायला लावणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः काउंटरवर उभं राहावं. दोन: आमच्या टपाल खात्यात दमलेल्या माणसाने टाकलेलं पत्र फार तर चुकीच्या घरी जाई, तुमच्याकडे काय काय चुकू शकतं याचा विचार व्हावा. तीन: को-पायलटचा आवाज स्पष्ट होता, परंतु शर्ट चुरगळलेला होता व त्याने दाढी केलेली नव्हती. चार: सदर इसम माझा जावई आहे, हे पारदर्शकतेसाठी कळवत आहे.

"हे तुमचे सासरे?" व्यवस्थापकाने विचारलं.

"हो. पण तिसरा मुद्दा खरा आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने सासऱ्यांना फोन लावला. आभार कसे मानावेत ते त्याला सुचेना, म्हणून त्याने तब्येतीची चौकशी केली, हवा कशी आहे ते विचारलं.

"शेजाऱ्यांना सांगितलं मी खरं काय ते," सासरे मध्येच म्हणाले.

"अरे बापरे. काय म्हणाले?"

"त्यांना आधीपासून ठाऊक होतं म्हणे. तुमच्या खांद्यावरच्या पट्ट्या मोजल्या होत्या त्यांनी फोटोत. मलाच कुणी सांगितलं नाही." त्यांनी घसा खाकरला. "बरं, ठेवा आता फोन. उद्या किती वाजता उठायचंय?"

"साडेतीन."

"मग झोपा की. बोलत काय बसलाय?"